खिळ्याने काढलेलं पाखरू

"पटवारी मेला," महिपत परसातून म्हणाला.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या कुसुमबाईचा हात थांबला नाही. हा पटवारी कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरे पटवारी तर सरकारने पाच वर्षांमागेच बंद केले होते. हा महिपतचा पटवारी, म्हणजे एक वीतभर लांबीचा, करड्या पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा धोबी पक्षी. दसरा-दिवाळीच्या मधे कुठूनसा यायचा, शेपूट खालीवर हलवत परसात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे फिरायचा, जिथेतिथे डोकं घालून तपासणी करायचा आणि होळीच्या आसपास कुणाला काही न सांगता निघून जायचा. काम कवडीचं नाही आणि तोरा मोठा, म्हणून महिपतने त्याचं नाव पटवारी ठेवलं होतं. कुसुमबाईलाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की "पटवारी आले का आज?" असं ती अगदी मानाने विचारायची.

"मांजरीनं धरला असन," ती म्हणाली.

"मांजरीनं धरला असता त पिसं दिसले असते. हा आखाच्या आखा पडून हाये. अन्‌ एकटाच नाई. दोन चिमण्या हायेत. एक होला हाये."

आता मात्र ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.

लिंबोणीच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. दगडावर नवंकोरं, चकचकीत पत्र्याचं पसरट भांडं होतं आणि त्यात पाखरांसाठी पाणी होतं. होला भांड्याच्या काठाशीच मान टाकून पडला होता. चिमण्या जरा लांब, एक मोरीच्या दगडाला टेकलेली. पटवारी उताणा पडला होता आणि त्याचे काडीएवढे काळे पाय वर होते. दिवस नुकताच उगवला होता. कुडाच्या पलीकडे पांडुरंगरावांच्या कापसावर अजून धुकं होतं.

"कोंबड्यांची मानमोडी त नाई आली?" कुसुमबाईने आधी आपल्या खुराड्याकडे पाहिलं. आतून कोंबड्या बाहेर येण्यासाठी रोजच्यासारख्या भांडत होत्या. त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं.

महिपत उकिडवा बसून पटवाऱ्याकडे बघत होता.

महिपतचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. तेलुगू मुलखातल्या इचोड्यापासून दोन कोसांवरच्या त्या लहानशा गावात तो दुसऱ्यांच्या कापसावर फवारणी करायचा आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. वायसर बदलणं, नळीचं तोंड साफ करणं, फुटक्या टाकीला डाग देणं ही त्याची विद्या. माणूस सरळ, बोलणं कमी, आणि गावाच्या मते थोडा वेडसर. कारण दिवाळी झाली, फवारणी संपली, की हा रोज सकाळी परसात उलट्या घमेल्यावर चहाचा पेला घेऊन बसायचा आणि तासभर नुसता पाखरं बघायचा. सातभाईंच्या कलकलाटाला तो ग्रामपंचायत म्हणायचा. मान खाली घालून उशिरा येणारा भारद्वाज म्हणजे मास्तर. लोक हसायचे. बाया कुसुमबाईला विचारायच्या, तुमचे मालक पाखरांची मोजणी सरकारला देतात का व? ती म्हणायची, "देतेत ना. पटवारी हाये आमच्याकडे."

या वेडात त्याला एकच चेली मिळाली होती, त्याची मुलगी आशा. ती चार वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी येऊन बसायची. पोराचा हात स्वस्थ राहत नाही, पाखरू दिसलं की बोट पुढे जातंच. म्हणून महिपतने तिला शिकवलं होतं, दोन्ही हात काखेत दाबून धरायचे आणि हलायचं नाही. थंडीत ऊबही मिळते आणि पाखरूही उडत नाही. बाप आणि लेक असे काखेत हात घालून शेजारी शेजारी बसले की कुसुमबाईला हसू आवरायचं नाही.

आता आशाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. जावई बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. दिवाळी झाल्यावर महिपतने लेकीला आणि अडीच महिन्यांच्या नातीला गाडीत बसवून दिलं, त्याला आज नऊ दिवस झाले होते.

कुसुमबाई काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात एक बुलबुल कुडावरून उडून त्या भांड्याच्या काठावर येऊन बसला. दोघंही सवयीने जागच्या जागी थांबले. बुलबुलाने इकडेतिकडे पाहिलं, चोच बुडवली, मान वर करून पाणी घशाखाली सोडलं. असं तीनदा झालं. मग तो लिंबोणीच्या फांदीवर गेला आणि त्याने पंख झटकले. महिपतला बरं वाटलं. रोगबिग असेल तर असेल, पाण्यात काही नाही, असं त्याच्या मनात आलं.

थोड्या वेळाने बुलबुलाची शेपटी थरथरायला लागली. तो फांदीवर एकदा पुढे झुकला, सावरला, परत झुकला, आणि मग सरळ खाली पडला. त्याने जमिनीवर दोनदा गिरकी घेतली आणि तो निपचित झाला.

दोघांच्या डोळ्यांसमोर झालं हे.

"अवो," कुसुमबाई म्हणाली, "हे भांडं कायचं बनवलं तुमी?"

"डब्याचं."

"कोनत्या डब्याचं?"

"पांडुरंगरावाच्या औषिदाच्या. औंदा दोन डबे आनले होते त्यानं. त्यातला एक."

कापसावर मारायच्या विषाला आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. आणि फवारणीच्या धंद्यात एक रीत होती. औषध शेतकऱ्याचं, पाणी शेतकऱ्याचं, रिकामा डबा फवारणाऱ्याचा. पाच लिटरचा तो पत्र्याचा डबा, वर दांडी, फिरकीचं झाकण, असा भक्कम डबा बाजारात शोधून मिळत नाही. महिपत वर्षभर असे डबे साठवायचा आणि हिवाळ्यात बसून त्यांना रूप द्यायचा. कडा कानशीने घासून गुळगुळीत करायचा. कागद भिजवून खरवडून काढायचा. त्या कागदावर इंग्रजी आणि तेलुगूमध्ये पुष्कळ काही लिहिलेलं असायचं, पण महिपत मराठी चौथी शिकलेला. कवटीचं चित्र मात्र त्याला कळायचं, आणि ते भांड्यावर बरं दिसत नाही म्हणून तो ते आधी घालवायचा. शेवटी लहान खिळा आणि हातोडी घेऊन डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांचं एक पाखरू उठवायचा, शेपटी वर केलेलं. गावात बारा वर्षांत असे तीसेक डबे त्याने दिले असतील. कुणाकडे मीठ, कुणाकडे डाळ, कुणाकडे रॉकेल. लग्नाच्या आहेरातही त्याचा डबा असायचा.

विष त्याला माहीत नव्हतं असं नाही. तोच तर ते पाठीवर घेऊन शिवारभर हिंडायचा. पण भांडं कितीही बाटलं तरी राखेने आणि चिंचेने घासलं, उन्हात ठेवलं की शुद्ध होतं, हे त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं आणि आजवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं. परवा शेळीने पाखरांचं मातीचं परळ फोडलं. काल संध्याकाळी महिपतने उरलेला डबा आडवा कापून हे भांडं केलं आणि त्यात पाणी भरून ठेवलं.

"अन्‌ दुसरा?" कुसुमबाईने विचारलं.

विचारलं आणि तिचं तिलाच उत्तर आठवलं. दुसऱ्या डब्यात तिनेच तिळाचं तेल भरलं होतं. इचोड्याच्या घाण्यावरून मुद्दाम आणलेलं, नातीच्या अंगाला लावायचं. झाकणावर फडकं बांधून तो डबा तिने स्वतःच्या हाताने आशाच्या पिशवीत ठेवला होता.

"थो घासला होता ना तुमी? नीट घासला होता ना?"

"घासला. राखेनं, चिंचेनं. तीन खेपा." महिपतने दगडावरच्या भांड्याकडे पाहिलं. "याले बी तसाच घासला होता."

त्याने ते भांडं उचलून नाकाशी नेलं. वास आला नाही. बारा वर्षं तोच वास नाकात असलेल्या माणसाला तो वेगळा येणार तरी कसा? मग त्याने पाणी खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली आणि तो तिथेच बसला. नऊ दिवस. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. टाळूवर, पोटावर, छातीवर, तळपायांना. बाळाला तेल कसं जिरवतात हे त्याने याच घरात अडीच महिने पाहिलं होतं.

कुसुमबाई रडायला लागली तसा तो उठला. खुंटीवर हाताला लागला तो सदरा त्याने अंगात अडकवला.

"मी जाऊन राह्यलो बेल्लमपल्लीले. तू गावातले माये सगळे डबे मागून आन. एक बी ठेवू नको."

"लोकायले काय सांगू?"

"सांग, महिपत चुकला."

गल्लीच्या तोंडाशी तुळजाबाईचं घर होतं. ती दारात बसून पोह्याला मीठ लावत होती आणि मिठाचा डबा तिच्या गुडघ्याशी होता. त्यावरचं पाखरू महिपतला लांबूनच दिसलं. त्याने जाऊन डबा उचलला आणि सगळं मीठ रस्त्यावर ओतलं.

"आता व माय! येडा झाला का गा तू?"

"हे पोहे खाऊ नको तुळजावैनी. डब्यात औषिद हाये."

"चार वर्स झाले वापरून राह्यली मी. काई झालं नाई मले."

"माये पाखरं मेले."

"पाखरं मेले म्हून मीठ सांडते?" तुळजाबाईने कपाळावर हात मारला. महिपत डबा काखेत घेऊन तसाच पुढे पळाला. तिच्या शिव्या त्याला मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू येत होत्या. देवळामागच्या पडक्या, कोरड्या विहिरीत त्याने डबा टाकला.

इचोड्याला पोस्टात जाऊन त्याने आधी टेलिफोनचं विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, बेल्लमपल्लीची लाइन मिळायला दुपार होईल, आणि मिळालीच तर बोलणार कोणाशी? जावई पहिल्या पाळीला जमिनीखाली असेल. तार केली तर उद्या मिळेल. महिपत मान हलवत बाहेर आला आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला. गुडीहतनूरला उतरून त्याला उटनूर-आसिफाबादकडे जाणारी बस मिळाली.

"एक्कडिकी?" कुठे जायचं, असं कंडक्टरने तेलुगूत विचारलं.

"बेल्लमपल्ली."

"इदि डायरेक्ट पोदु, सीधी नहीं जाती. आसिफाबाद में बदलना," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडून पुढे गेला.

नुकतंच मतदान झालं होतं. वाटेतल्या सगळ्या भिंती अजून रंगलेल्या होत्या. महिपतच्या शेजारी एक बाई मांडीवर तान्हं मूल घेऊन बसली. मुलाच्या अंगाला तेलाचा वास होता. तो वास येताच महिपतने तोंड दुसरीकडे फिरवलं. मुलाने पाय झाडला आणि त्याची इवलीशी टाच महिपतच्या बाहीला लागली. महिपतने खाली पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घाईत त्याने फवारणीचा सदरा घातला आहे. पाठीवर आणि बाह्यांवर औषधाने उडालेल्या रंगाचे पांढुरके डाग होते. तो झटकन उठला. "बैठो ना भय्या," ती बाई म्हणाली. तो नुसता मान हलवून दाराजवळ जाऊन उभा राहिला आणि आसिफाबादपर्यंत उभाच राहिला.

बाहेर तारांवर कोतवाल पक्षी बसले होते. सवयीने त्याने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, पाच, आणि मग त्याला स्वतःची किळस आली. त्याने डोळे मिटून घेतले.

डोळे मिटल्यावर त्याला आई दिसली. भागाबाई दोन वर्षांमागे गेली. शेवटच्या महिन्यात तिला भाकरी चालत नव्हती, नुसतं ताक प्यायची. पितळी लोटा तिला उचलत नाही म्हणून महिपतने तिच्यासाठी एक हलका, लहान डबा केला होता, कानाचा, त्यावरही पाखरू होतं. तिचे हात कापायचे, तोंडातून लाळ गळायची, डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. इचोड्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, म्हातारपण आहे, घरी न्या. गावातही सगळे म्हणाले, सोनं झालं, लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेली. महिपतने बसचा दांडा घट्ट धरला. असेल, म्हातारपणच असेल. पण आता हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि विचारायचं तरी कुणाला?

बेल्लमपल्लीला तो उतरला तेव्हा चार वाजून गेले होते. खाणीच्या भोंग्याचा आवाज येत होता. कामगारांच्या क्वार्टरांच्या एकसारख्या रांगा, दारांवर काळपट धूळ. तिसऱ्या रांगेच्या कोपऱ्यावर तो थांबला. त्याने आधी दार पाहिलं नाही, माणसं पाहिली. आशाच्या दारापुढे गर्दी आहे का, बाया बसल्या आहेत का, कुणी उभं आहे का. कुणीच नव्हतं. गर्दी नाही याचा अर्थ चांगला की वाईट, तेही त्याला समजेना. सगळं होऊन गेलं असलं तरी दार असंच शांत असणार.

ओट्यावर त्याची विहीण रुक्माबाई तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसली होती. बाई अंगाने आडवी आणि जिभेने तिखट. लग्नात तिने महिपतच्या आहेरातला डबा उलटसुलट करून पाहिला होता आणि "बरा हाये" एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून महिपतला तिच्याशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

"इवाई? असे न सांगता? बसा. पानी देतो."

"पोरगी कुठी हाये?"

"कोनती? तुमची लेक का तुमची नात?"

"इनबाई, तेल लावलं का तिले?"

रुक्माबाईचा हात डाळीत थांबला. तेवढ्यात आतून आशा आली. बापाला पाहून तिचा चेहरा फुलला, आणि तेल हा शब्द कानावर पडल्याबरोबर उतरला.

"बाबा! काऊन आले तुमी? आई बरी हाये ना?"

"आशा, थे डब्यातलं तेल. लावलं का पोरीले?"

आशाने एकदा सासूकडे पाहिलं. मग ती हसली. "लावतो ना बाबा. रोज लावतो. लय चांगलं हाये तेल. दोन्ही टाइम लावतो."

महिपत ओट्याच्या पायरीवर कसाबसा बसला. आशा घाबरली. "बाबा, काय झालं? बाबा!"

"खोटं काऊन बोलतं व बापाशी?" रुक्माबाई कडाडली. सूप बाजूला ठेवून ती उभी राहिली. "आयका इवाई. राग येऊ द्या नाई त काई येऊ द्या, मी कोनाले भेत नाई. थे तेल मी मोरीत ओतलं. आली त्याच दिवशी. ही मोठ्या तोऱ्यानं मले सांगते, आत्या, कापसाच्या औषिदाच्या डब्याचा केला माया बाबानं, वळखू बी येत नाई. मी म्हनलं, बाई, कापसाच्या औषिदाच्या डब्यातलं तेल माया नातीच्या टाळूले? तुया बाप सतरा खेपा घासो. मले शिसारी येते. पोरीची जात असली म्हून काय कोनत्या बी डब्यातलं लावाचं का?"

"आत्या," आशा रडवेली झाली होती.

"रडतं कायले? सांग ना, डबा कुठी हाये थे बी सांग."

आशा सांगेना. तिने पदर तोंडाला लावला.

"मांगं संडासात हाये," रुक्माबाईने सांगून टाकलं. "टमरेल केलं मी त्याचं."

महिपत उठला. घराला वळसा घालून तो मागे गेला. संडासाचं दार अर्धवट उघडं होतं. आत कोपऱ्यात त्याचा डबा होता, गुळगुळीत कडांचा, मजबूत दांडीचा, अर्धा पाण्याने भरलेला. त्यावरच्या दोन्ही पाखरांच्या शेपट्या वर होत्या. त्याने आजवर केलेल्या डब्यांमधला हा सगळ्यात देखणा डबा, नातीसाठी म्हणून त्याने त्यावर एकाऐवजी दोन पाखरं काढली होती. महिपत त्या टमरेलाकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतकं सुंदर त्याने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

तो परत पुढे आला आणि त्याने कुणाला काही कळायच्या आत रुक्माबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

मुलीचा बाप लग्नात वाकतो तसं हे वाकणं नव्हतं. रुक्माबाई एकदम मागे सरली. "अवो, हे काय करून राह्यले? उठा. येवढं काय बोलली मी? डब्याचा राग आला असन त..."

"पाच मेले इनबाई," महिपत जमिनीकडे बघत म्हणाला. "तशाच डब्यातलं पानी पेऊन. माया डोळ्यापुढे. पटवारी बी मेला."

रुक्माबाईला काही समजलं नाही. पटवारी मेला म्हणून हा माणूस एवढ्या लांब का आला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आशाला मात्र समजलं. तिने दाराची चौकट धरली. नऊ दिवस आपण सासूवर कुढत होतो, बापाच्या डब्याचा अपमान झाला म्हणून त्या दिवशी जेवलो नव्हतो, आणि आता आपण हसत हसत काय खोटं बोललो, हे सगळं तिच्या ध्यानात येत गेलं. ती धावत आत गेली. पोर वाकळेवर जागी होती आणि आपल्याच मुठीकडे बघत होती. आशाने तिला उचलून छातीशी धरलं, तिचं डोकं हुंगलं, पाय हुंगले, परत डोकं हुंगलं.

बाहेर येऊन आशाने रुक्माबाईला हुंदके देत सगळं सांगितलं. रुक्माबाई एवढंच म्हणाली, "मले कुठी मालूम होतं? मले नुसती शिसारी आली होती."

"थो डबा बी वापरू नका," महिपत म्हणाला. "मी नेतो."

आशा पोरीला घेऊन त्याच्यापुढे आली. "बाबा, घ्या ना हिले. पाहा, वळखते का तुमाले."

महिपतने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. तो नळाशी गेला. त्याने सदरा काढला, त्याचा बोळा करून लांब ठेवला. साबण मागितला, राख मागितली. कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, परत घासली. बोटावरची मतदानाची शाई होती तशीच राहिली. पाणी थंडगार होतं. आशा पोरीला घेऊन उभी होती आणि रुक्माबाई तांब्याने पाणी ओतत होती. पाचव्यांदा त्याने राख उचलली तेव्हा रुक्माबाई म्हणाली, "पुरे आता इवाई. स्वच्छ निघाले हात."

त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. बारा वर्षं हेच हात विषात बुडत होते. आई म्हणायची त्याप्रमाणे राखेने सगळं शुद्ध होतं. हातांवर डाग नव्हता, वास नव्हता. सकाळी त्या भांड्यावरही डाग नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "तिले तितंच ठेव. वाकळीवर. मी पाहतो."

"बाबा, असं काय करता? नात हाये तुमची."

"म्हून त म्हनलं."

आशाने वाकळ ओट्यावर, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात अंथरली आणि पोरीला तिच्यावर ठेवलं. रुक्माबाईने आतून लेकाची चादर आणली आणि काही न बोलता ती महिपतच्या उघड्या पाठीवर टाकली. महिपत वाकळेपासून चार हात लांब, पायरीच्या कडेला बसला. पोरीने पाय झाडले, मुठी उघडल्या, तोंडाने काहीतरी आवाज काढला. महिपतच्या शेजारी बसावं म्हणून आशा पुढे सरकली. त्याने मान न वळवता, तिच्या लहानपणी करायचा तशी, डोळ्यांनीच तिला खूण केली.

आशा आहे तिथेच थांबली. महिपतने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते आणि तो जराही न हलता बघत होता.